सुरुवात वाळत घालायच्या दोरीपासून

टिश्यू पेपर कचऱ्यात गेला की आपला त्याच्याशी संबंध संपतो. फडक्याचं तसं नाही. ते धुवावं लागतं, पिळावं लागतं आणि कुठेतरी वाळवावं लागतं. वापरून फेकायच्या वस्तू हौसेने बंद केलेल्या घरात चार महिन्यांनी पुन्हा पाकिटं दिसायला लागतात, ती बहुतेक वेळा या वाळवण्यापाशी गाडं अडल्यामुळे. मार्च-एप्रिलमध्ये सगळं मजेत चालतं. जुलै उजाडला की ओट्यावरच्या फडक्याला कुबट वास यायला लागतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, 'त्यापेक्षा तो कागदाचा रोलच बरा होता.'

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी घरातली दोरी मोजा. फूटभर रुंदीच्या फडक्याला पसरायला फूटभर दोरी लागते. रोज चार फडकी धुण्यात गेली आणि पावसाळ्यात वाळायला दोन दिवस धरले, तर आठ फूट दोरी एकट्या फडक्यांनाच हवी. त्यात लंगोट किंवा कापडी पॅड आले की हिशोब दुप्पट. छताला कप्पीवर टांगायचा सहा दांड्यांचा स्टँड असेल तर वरच्या दोन दांड्या यासाठी राखून ठेवायच्या. हवा छताजवळ जास्त गरम असते आणि पंख्याचा वाराही लागतो. फडकं दुहेरी टाकायचं नाही, एकेरी पसरायचं. मशीन असेल तर शेवटचं पिळणं दोनदा लावायचं. वीज लागते थोडी, पण वाळायचा वेळ बराच वाचतो.

आता फडकी. यासाठी बाजारात जायची गरज नाही. जुनी सुती साडी, धोतर किंवा पंचा यांच्याइतकं चांगलं कापड नव्याने मिळत नाही, कारण वर्षानुवर्षं धुऊन त्यातली खळ पूर्ण गेलेली असते. साडेपाच मीटरच्या साडीतून ३० सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे पन्नासएक निघतात. कात्रीने कडेला बोटभर छेद द्यायचा आणि फाडायचं. सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटतं. साडी खरंच सुती आहे का, याची शंका असेल तर कडेचे दोन धागे ओढून पेटवून बघा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला टणक काळा मणी धरतो. असलं कापड पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं, टिपत नाही.

तुकड्यांचे तीन गट करायचे, आणि ते डोळ्याला लगेच कळतील असे. पांढरे अन्नासाठी, फिके रंगीत ओट्यासाठी, गडद रंगाचे जमिनीसाठी. मसोतं वेगळं आणि पोतेरं वेगळं हे आजीच्या काळातही होतंच. फक्त आता घरात काम करणारे हात अनेक असतात, म्हणून रंगाची खूण लागते. चार माणसांच्या घराला बारा ते चौदा फडकी पुरतात. सहा घेतली तर पावसाळ्यात कमी पडतात आणि ओली फडकीच परत वापरली जातात. वास येतो तो तिथून. तेलकटपणा आणि ओल एकत्र राहिली की जिवाणू वाढतात, आणि गार पाण्याच्या धुण्याने ते तेल निघत नाही. आठवड्यातून एकदा पांढरी नि ओट्याची फडकी मोठ्या स्टीलच्या पातेल्यात उकळायची. दोन लिटर पाण्याला एक चमचा धुण्याचा सोडा, दहा मिनिटं. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, तो फारच सौम्य पडतो. आणि पातेलं ॲल्युमिनियमचं नको. धुण्याच्या सोड्याने ते काळं पडतं आणि झिजतं.

तळणीसाठी मात्र फडकंही नको आणि टिश्यूही नको. पसरट पातेल्यावर स्टीलची चाळण ठेवून त्यात भजी किंवा पुऱ्या काढल्या तर तेल खाली निथळतं, वाफही खालून निघून जाते. कागदावर काढलेली भजी खालच्या बाजूने मऊ पडतात ती वाफ कोंडल्यामुळेच. शिवाय खाली निथळलेलं चमचाभर तेल दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला होतं. वर्तमानपत्रावर काढू नका. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरू नका असं वेळोवेळी बजावलंय. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायच्या पोळ्यांना पांढरं फडकं पुरतं. एकच पथ्य आहे: तव्यावरची पोळी लगेच गुंडाळायची नाही. दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची, नाहीतर फडकं भिजतं आणि डब्यातली खालची पोळी चिकट होते.

पिशव्यांवर थोडं सविस्तर, कारण सगळ्यांत जास्त चूक इथे होते. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार. तेव्हापासून प्रत्येक दुकान, प्रत्येक लग्न, प्रत्येक उद्घाटन कापडी पिशवी वाटतंय आणि घराघरात त्यांचा ढीग झालाय. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ सालीच पिशव्यांचा हिशोब मांडला होता. साधी सुती पिशवी तिकडच्या सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या तोडीस यायला नुसत्या हवामानाच्या निकषावर किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी वगैरे सगळे निकष धरले तर ७१०० वेळा. रोज एकदा म्हटलं तरी एकोणीस वर्षांच्या वर. त्या हिशोबात गटारात अडकलेली पिशवी धरलेली नव्हती, आणि २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारं तुंबवण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा हात होता हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. पण एक गोष्ट त्यातून निघतेच. पिशवीसाठी नवं कापड घेऊ नका. आणि फुकट मिळालेली प्रत्येक 'कापडी' पिशवी कापडी नसते. ज्या पिशवीवर ठिपक्याठिपक्यांची नक्षी दाबलेली दिसते आणि जिला उभे-आडवे धागेच नसतात, ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. दोन वर्षांत तिचा भुगा पडायला लागतो.

घरच्या जुन्या चादरीची पिशवी अशी शिवा. चादरीचा मधला भाग विरलेला असतो, तो घेऊ नका. कडेचा किंवा पायाकडचा घ्या. १०० सेंटिमीटर लांब आणि ४३ सेंटिमीटर रुंद असा एकच तुकडा कापायचा, तळाला शिवण येऊ द्यायची नाही. वजन तळावर असतं आणि तिथली शिवण आधी उसवते. लांबीच्या दोन्ही टोकांना आधी १ आणि मग ३ सेंटिमीटरची दुमड घालून तोंडाची पट्टी शिवून घ्या. मग सुलट बाजू बाहेर ठेवून तुकडा मधोमध दुमडा आणि दोन्ही बाजूंना कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत टीप मारा. पिशवी उलटी करा आणि त्याच बाजूंना पुन्हा एक सेंटिमीटरवर टीप मारा. कापडाच्या कडा आत बंद होतात, धागे निघत नाहीत, ओव्हरलॉकची गरज पडत नाही. आता तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी चिमटीत धरून, टोकापासून ५ सेंटिमीटरवर आडवी टीप मारा. १० सेंटिमीटर रुंदीचा सपाट तळ तयार होतो आणि पिशवी उभी राहते. हा तळ नसेल तर टोमॅटो एका कोपऱ्यात जमतात आणि खालचे चिरडतात.

बंदासाठी ७० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या. चार पदरी घडी घातली की अडीच सेंटिमीटरचा बंद होतो. पट्टी कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने कापायची. आडवी किंवा तिरकी कापली तर पाच किलो बटाट्यांनी बंद लांबत जातो. बंदाचं टोक तोंडाच्या पट्टीच्या खाली तीन सेंटिमीटर घेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारायची. शिंप्याकडून शिवून घेतली तरी फुलीची आठवण करून द्या, कारण घाईत एकच आडवी टीप मारली जाते आणि पिशवी तिथूनच फाटते.

आणि पिशवी कपाटात ठेवू नका. दाराच्या कडीला, स्कूटरच्या डिकीत, ऑफिसच्या बॅगेत अशी एकेक. सामान ओट्यावर रिकामं केलं की पिशवी लगेच कडीला. कपाटात गेलेली पिशवी भाजीवाल्यासमोर आठवते.

मासळी-मटणाला कापड निरुपयोगी आहे. त्याला झाकणाचा स्टीलचा डबा हवा. डब्याच्या बुडावर त्याचं रिकामं वजन मार्करने लिहून ठेवा. वजनकाट्यावर डबा शून्य करायचं बटण असतं, पण बाजारच्या गर्दीत विक्रेत्याला ते दाबायला सांगण्यापेक्षा 'डबा तीनशे वीस आहे' म्हणणं सोपं जातं.

पालेभाज्यांची तक्रार नेहमी येते: प्लास्टिकमधून काढून कापडी पिशवीत ठेवली तर मेथी दोन दिवसांत सुकली. सुकणारच. हल्लीच्या बिनबर्फाच्या फ्रिजमध्ये पंखा सतत कोरडी हवा फिरवत असतो आणि कापडातून ती ओल ओढून घेते. प्लास्टिकमध्ये उलटं होतं, ओल कोंडून पानं काळी पडतात. दोन्हीच्या मधला उपाय म्हणजे कापड आणि डबा एकत्र. कोथिंबीर निवडायची, धुवायची नाही, कोरड्या पांढऱ्या फडक्यात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायची. डब्यात जमलेलं पाणी फडकं टिपतं, डब्यामुळे हवा लागत नाही. आठवडाभर सहज टिकते. मेथी-पालकाला फडकं किंचित दमट, म्हणजे भिजवून घट्ट पिळलेलं. चार दिवसांनी फडकं बदला.

भांड्यांच्या घासणीचं उत्तर वेलावरच लटकलेलं असतं. घोसाळं कोवळं काढलं नाही तर जून होतं. ते वेलावरच तपकिरी होऊ द्यायचं, हातात हलकं लागेल आणि हलवल्यावर बिया वाजतील इतकं. मग तासभर पाण्यात भिजवलं की साल सुटते. बिया झटकून पुढच्या वर्षीसाठी ठेवायच्या, आतल्या जाळीचे चार बोटं लांबीचे तुकडे करायचे. एक तुकडा तीनेक आठवडे चालतो, पण साबणाच्या बशीत पाण्यात पडून राहिला तर आठवड्यात बुळबुळीत होतो. दोरा ओवून नळाला टांगा. लोखंडी तवा आणि बिडाच्या कढईला नारळाचा काथ्या बरा. नॉनस्टिकला दोन्हीतलं काहीच नको, नुसतं फडकं.

कचऱ्याच्या डब्यातल्या काळ्या पिशवीला 'बायोडिग्रेडेबल' पिशवी हा पर्याय आहे असं समजू नका. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या ज्या मानकावर तपासतात, ती चाचणी ५८ अंशांच्या आसपासच्या तापमानावर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पांची नक्कल असते. गॅलरीतल्या खताच्या कुंडीत तेवढी उष्णता टिकत नाही, आणि सहा महिन्यांनी माती उकरली की पिशवीचे तुकडे तसेच हाताला लागतात. ओल्या कचऱ्याला पिशवी लागते ती पाण्यामुळे, म्हणून आधी पाणी काढा. सिंकमध्ये एक जुनी चाळण ठेवा. चहाचा चोथा, साली, खरकटं आधी तिच्यात निथळू द्या. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राचा एक दुमडलेला कागद, वर निथळलेला कचरा. रोज रिकामा करून विसळला की वास येत नाही.

पाळीच्या वस्तूंमध्ये दोन पर्याय आहेत, आणि त्यांच्यात निवड करताना पुन्हा दोरीच आडवी येते. कापडी पॅड उन्हात वाळवायला हवेत. त्यांना बदनाम केलं ते कापडाने नाही, लपवून वाळवण्याने. परकराखाली, न्हाणीघरातल्या खुंटीवर, अर्धवट ओले राहिलेले पॅड वापरले की खाज, पुरळ आणि संसर्ग येतो. घरात उघड्यावर वाळवायची मोकळीक नसेल तर कापडी पॅड घेऊ नका, हे स्पष्टच सांगायला हवं. मोकळीक असेल तर दिवसाचे सहा-आठ आणि रात्रीचे दोन पुरतात. आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवायचे; गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं आणि डाग पक्का होतो. मग साबण, पाणी स्वच्छ निघेपर्यंत विसळणं, आणि ऊन. कपडे मऊ करणारं लिक्विड वापरायचं नाही, त्याचा थर बसला की कापड टिपेनासं होतं.

मेन्स्ट्रुअल कप म्हणजे पाळीत योनीत बसवून रक्त साठवायचा छोटा पेला. त्याला दोरी लागतच नाही. मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा एक कप नीट वापरला तर अनेक वर्षं चालतो. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात कपची सवय झालेल्या सुमारे ७० टक्के जणींना पुढेही तोच वापरायचा होता. सवय व्हायला मात्र दोन-तीन पाळ्या लागतात, आणि पहिल्या पाळीत गळला म्हणून तो कपाटात जातो. गळायचं नेहमीचं कारण म्हणजे कप आत पूर्ण उघडलेला नसतो. आत गेल्यावर बुडाभोवती बोट फिरवून बघा. खळगी किंवा घडी लागली तर बुड धरून हलकेच गोल फिरवायचं. दुसरं कारण, कडेखालची बारीक भोकं बुजलेली असतात. कप पाण्याने भरून तळव्याने तोंड बंद करून दाबला की भोकांतून पाणी जोरात निघतं आणि ती मोकळी होतात. काढताना देठ ओढायचा नाही. बुड चिमटीत दाबून आधी हवा आत जाऊ द्यायची, मग काढायचा. तांबी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरू नका, ओढताना तांबी सरकू शकते. पत्रकावर दिलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही. सहसा ते आठ ते बारा तास असतात. पाळी संपल्यावर वेगळ्या स्टीलच्या भांड्यात पाच मिनिटं उकळायचा. अंडी फेटायच्या तारेच्या घोटणीत अडकवून उकळला तर भांड्याच्या तळाला चिकटून जळत नाही.

साधे पॅड वापरत असाल तर निदान कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी ही खूण रुजवली. कचरा त्या हाताने वेगळा करतात, आणि न उघडता कळावं एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

बाळाच्या लंगोटांचं गणित सगळ्यांत अवघड. तान्ह्याला दिवसाला दहा-बारा बदलावे लागतात, म्हणजे वीस-चोवीस लंगोट आणि तेवढी दोरी. हल्लीच्या लंगोटात आत जाड सुती पट्ट्या आणि वर जलरोधक आवरण असतं. आतल्या पट्ट्या नव्या असताना पाणी टिपत नाहीत. पाच-सहा वेळा धुतल्यावर टिपायला लागतात. पहिल्याच दिवशी गळला म्हणून वैतागू नका. वरच्या जलरोधक कापडाला पॉलियुरेथेनचा थर असतो, तो ६० अंशांच्या वर सुटायला लागतो. आतल्या पट्ट्या उकळा, वरचं आवरण नाही. वापरलेले लंगोट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचे नाहीत. शी लगेच धुऊन टाकायची आणि लंगोट उघड्या टोपलीत. दोन-तीन महिन्यांनी नाकात झोंबणारा अमोनियाचा वास यायला लागला तर साबण नीट निघत नाहीये, किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचलेत. एक धुणं बिनसाबणाचं, गरम पाण्यात लावा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीपुरता बाजारचा डायपर वापरला तर काही बिघडत नाही. दिवसाचे नऊ वाचले तरी पुष्कळ झाले.

दाढीचं काम त्यामानाने पोरखेळ. जुन्या पद्धतीचा धातूचा रेझर आणि दुधारी ब्लेड. गालाशी साधारण ३० अंशांचा कोन आणि हाताचा जोर शून्य, रेझरच्या स्वतःच्या वजनाने फिरवायचा. रक्त निघतं ते प्लास्टिकच्या रेझरच्या सवयीने दाबल्यामुळे. वापरलेली पाती पत्र्याच्या डबीला फट पाडून तिच्यात साठवायची आणि भरली की फट बंद करून भंगारात द्यायची.

राहिलं घरातलं कार्य. सत्यनारायण, बारसं, तीस-चाळीस पानं. कागदी कपात आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. गरम पेय १५ मिनिटं राहिलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात, असं आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात आढळलं. ताटांसाठी पत्रावळी हा चांगला पर्याय, पण घ्यायच्या आधी एक फाडून बघा. दोन पानांच्या मध्ये किंवा वरच्या बाजूला ताणली जाणारी पारदर्शक पन्नी निघाली तर ती पत्रावळ नावापुरतीच. मांडववाल्याकडे स्टीलची ताटं-वाट्या-पेले भाड्याने मिळतात. नेतानाच मोजून घ्या आणि पेले चार जास्त सांगा. घासायला मात्र वेगळं माणूस ठरवायचं, आदल्या दिवशी, पैसे बोलून. चाळीस पानांची ताटं रोजच्या कामाच्या ताईंच्या पगारात बसवता येत नाहीत आणि घरातल्या सुनेवरही टाकता येत नाहीत. खरकट्याची बादली, साबणाचं टब, विसळायचं टब असं ओळीने मांडून दिलं तर दोन माणसांत ताटं तासाभरात निघतात. ती उपडी घालायला मोठी सतरंजी आधीच गॅलरीत अंथरून ठेवा.